पोट का फुगते?

न्हावऱ्याहून केडगावमार्गे चौफुल्याला उतरले, की तुकोबारायांच्या पालखीची वाट मिळते. त्या वाटेवरची यवतची पिठलं-भाकरी कोणा वारकऱ्याला ठाऊक नाही? पण रात्री राहुटीत कुणाच्या तरी पोटात गुबारा धरतोच. मग आम्ही म्हणतो, "पाणी बाधलं," नाहीतर डाळच सोडतो. डाळ सोडली, तर पंढरीपर्यंत चालायचे बळ कोठून यायचे?

म्हणून कारण समजून घेऊ. हरभरा, वाटाणा, वाल, चवळी यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारा पाचकरस माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे वस्तीला असलेले सूक्ष्म जंतू त्या आंबवतात. त्यातून वायू सुटतो आणि पोट फुगते. हे जंतू वैरी नव्हेत. याच आंबवण्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लेही तयार होतात.

तेव्हा कडधान्य रात्रभर भिजवावे, ते पाणी टाकून नव्या पाण्यात मऊ शिजवावे. पिठल्याच्या पिठाला हे करता येत नाही. ते बेतानेच घ्यावे. एकादशीच्या उपासानंतर द्वादशीला पोटावर उसळीचा भार घालू नये. आधी मऊ भात, मग थोडी उसळ. वारीआधी महिनाभर घरी कडधान्य थोडे थोडे वाढवीत जावे. पोटाला सवय होते.

मात्र पोट फुगून उलट्या होत असतील, वारा सरत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. देह धड, तर वारी धड.