नखं खायची सवय कशी सोडाल?

'उद्यापासून नखं खाणार नाही' हा निश्चय दुपारपर्यंतही टिकत नाही ना? कारण हात तोंडाशी कधी गेला, हेच कळत नाही. अझ्रिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सवयींवर एक साधी पद्धत मांडली. आधी हात कधी जातो ते वहीत लिहा. गणित अडलं की? टीव्ही बघताना? मग हात वर निघाला की मूठ घट्ट आवळा, एक ते तीन मिनिटं. नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं. घरच्यांनीही ओरडण्याऐवजी, हात आवरला की शाबासकी द्यावी. एखाद्या दिवशी चुकलात तर वही बंद करू नका. तोही दिवस लिहा. उद्या कुठे सावध राहायचं, ते त्यातूनच कळेल.