पटावरच्या तीन बहिणी

बुद्धिबळ हा खेळ मूळचा आपल्याच देशातला. प्राचीन काळी त्यास 'चतुरंग' म्हणत. कारण हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चारही अंगे त्यात असत. भारतातून तो इराणात गेला आणि तेथून अरबांच्या मार्फत युरोपात पोहोचला. ६४ घरांच्या या पटावर शरीरबळाचे काही चालत नाही. तेथे लागते ती तल्लख स्मरणशक्ती, धीर आणि दूरदृष्टी. असे असूनही पुरुषांच्या बरोबरीने पटावर बसण्याचा हक्क मुलींना सहजासहजी मिळाला नाही. तो मिळवून देण्यात एका मराठी कुटुंबाचा मोठा वाटा आहे. ते कुटुंब म्हणजे मुंबईचे खाडिलकर.

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली मुंबईत 'नवाकाळ' हे दैनिक काढले. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांनी पुढे त्याचे संपादन केले. त्यांना वासंती, जयश्री आणि रोहिणी अशा तीन कन्या. तिघींनाही बुद्धिबळाची गोडी लागली. मुलींनी फावल्या वेळी चार डाव खेळावेत आणि मग पट गुंडाळून ठेवावा, असे त्या घराने मानले नाही. विद्येइतक्याच आस्थेने तेथे या खेळाची जोपासना झाली.

एकाच घरात तोलामोलाचे तीन खेळाडू असणे ही मोठी जमेची बाजू असते. प्रतिस्पर्धी शोधावयास बाहेर जावे लागत नाही. हरलेला डाव पुन्हा मांडून कोठे चुकले ते पाहता येते. आज जी जिंकते, तिला उद्या हार मानावी लागते. त्यामुळे विजयाचा ताठा चढत नाही आणि पराजयाची भीतीही उरत नाही.

१९७४ साली बंगळूर येथे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत वासंतीने अजिंक्यपद पटकाविले. पुढे जयश्री आणि रोहिणी यांनीही तो मान मिळविला. या स्पर्धेच्या पहिल्या दशकात या तीन बहिणींचेच वर्चस्व राहिले. १९७९ साली 'महिला आंतरराष्ट्रीय मास्टर' हा किताब जयश्रीस लाभला. तो मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय.

परंतु खरी कसोटी १९७६ साली लागली. त्या वर्षी अवघ्या तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. यापूर्वी कोणतीही भारतीय महिला त्या स्पर्धेत खेळली नव्हती. निरनिराळ्या राज्यांच्या तीन विजेत्यांवर तिने मात केली. तथापि मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत का खेळावे, यावरून मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे तिची बाजू मान्य झाली. त्या वेळी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष हॉलंडचे मॅक्स युवे हे होते. १९३५ साली ते स्वतः जगज्जेते झाले होते. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाग घेण्यास स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. एका मुलीच्या हट्टासाठी वाटणारा हा झगडा अशा रीतीने जगातील सर्व मुलींच्या कामी आला.

मिळालेल्या हक्काचे रोहिणीने चीज केले. १९८१ साली हैदराबाद येथे तिने आशियाई महिला अजिंक्यपद जिंकले. बारा डावांत तिला साडेअकरा गुण मिळाले. एकही डाव तिने गमावला नाही. पुढे जयश्री व रोहिणी या दोघींनी वृत्तपत्राच्या संपादनाची धुराही वाहिली.

आज ती वाट रुंद झाली आहे. विदर्भातील नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महिलांचा विश्वचषक जिंकला आणि 'ग्रँडमास्टर' हा सर्वोच्च किताब मिळविला. नागपूरच्या दक्षिणेस चंद्रपूर व गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे आहेत. तेथील एखाद्या गावात मोठे क्रीडांगण नसेल. पण ६४ घरे कोळशाने ओसरीवरही आखता येतात. सोंगट्या नसल्या तर खडे आणि बियाही चालतात. उणीव भासते ती घरच्यांच्या विश्वासाची.

पटावरील सर्वांत लहान मोहरे म्हणजे प्यादे. ते एकेक घर पुढे सरकते, मागे कधी फिरत नाही. आणि शेवटच्या घरी पोहोचले की त्याचा वजीर होऊ शकतो. मात्र वाटेत त्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते. खाडिलकरांच्या घराने आपल्या मुलींसाठी हेच केले.