काळी बुरशी आणि कांद्याची साल

पावसाळ्यांत शिळ्या भाकरीवर बुरशी धरते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. बुरशीचे बीजाणु हवेंत व मातींत सर्वत्र असतात; श्वासाबरोबर ते रोज नाकांत जातात, तरी निरोगी मनुष्य आजारी पडत नाहीं. रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांचा नाश करतात.

मग सन २०२१ मध्यें, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, नाशिकसह महाराष्ट्रांतील अनेकांना म्युकरमायकोसिसनें कां ग्रासलें? मधुमेहानें रक्तांत साखर वाढली म्हणजे या पेशी दुबळ्या होतात. स्टेरॉइडनें पुष्कळांचे प्राण वाचविले खरे. पण तें औषध साखर वाढवितें व प्रतिकारशक्तीहि दडपतें. पहारेकरी निजला, कीं चोरास दार मोकळें! बुरशी नाकांतून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते, कधीं रक्तावाटे इतर अवयवांतहि पोहोंचते. ती रक्तवाहिन्या बंद करते, म्हणून तेथील भाग मरून काळा पडतो.

त्या दिवसांत कांद्याच्या सालीवरील काळ्या पुडीनें हा रोग होतो, अशी अफवा उठली. आमच्या जिल्ह्यांत तर कित्येक घरांचें पोट कांद्यावर! ती पूड अस्परजिलस नायजर या निराळ्या बुरशीची असते. शिवाय हा रोग माणसापासून माणसास लागत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, घरांत कोणास मधुमेह असल्यास साखर वेळोवेळीं तपासून घेण्याची आठवण द्या. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून स्टेरॉइड घेऊं नये, व मध्येंच सोडूंहि नये. अशा माणसाच्या नाकांतून काळा स्राव आला, चेहरा सुजला वा डोळा दुखूं लागला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. अँफोटेरिसिन व शस्त्रक्रिया यांचा उपयोग वेळेवर झाला तरच होतो. भय कांद्याचें नको, हयगयीचें असावें.