सात आडनावांचे बेट

गावात माणसे किती, असे कोणी विचारले तर आपण एक आकडा सांगतो. पण तेवढ्याने गाव कळते का? त्यात बाया किती, पुरुष किती? लेकरे किती, म्हातारी किती? ही माणसे आली कोठून? हे समजले म्हणजे गाव समजले. एका लहानशा गावावरून हे पाहू या.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केपटाऊन शहर आहे. तेथून पश्चिमेला 2,700 किलोमीटरांहून अधिक समुद्र ओलांडला, की ट्रिस्टन डा कुन्हा हे बेट लागते. तेथे विमान उतरत नाही. बोटीने जायला साधारण आठवडा लागतो. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. पायथ्याशी थोडी सपाट जमीन आणि तिच्यावर एकच गाव. बेटावरचे लोक त्याला नुसते ‘वस्ती’ म्हणतात. राज्य इंग्रजांचे.

1816 साली इंग्रजांनी तेथे पलटण ठेवली. पुढच्याच वर्षी ती उठवली. पण विल्यम ग्लास नावाचा स्कॉटलंडचा नाईक मागे राहिला. बरोबर बायको, दोन लेकरे आणि दोन गवंडी. एवढ्यावर गाव सुरू झाले.

पुढे आणखी खलाशी येऊन राहिले. पण ते सडेफटिंग. नुसत्या पुरुषांनी का गाव वसते? 1827 साली सेंट हेलेना बेटावरून पाच बाया आल्या. त्यांनी संसार मांडले आणि गाव वाढू लागले.

वस्तीत पुष्कळ वर्षे सातच आडनावे होती. ग्लास स्कॉटलंडचे, स्वेन इंग्लंडचे, ग्रीन हॉलंडचे. रॉजर्स आणि हेगन अमेरिकेचे. 1892 साली एक इटालियन जहाज बेटाजवळ फुटले. त्यातले दोन खलाशी तेथेच राहिले. त्यांची आडनावे रेपेटो आणि लावारेलो. आता पाहा, ही सातही आडनावे पुरुषांकडून आलेली. त्या पाच बायांचे नाव आडनावांत कोठेच नाही. पण त्यांच्यावाचून गाव नसते!

1885 साली मोठा घात झाला. एक जहाज दिसले म्हणून 15 पुरुष होडी घेऊन गेले. ते परत आलेच नाहीत. एका दिवसात कर्ती माणसे गेली. गाव विधवांचे झाले. मोठ्या शहरात 15 माणसे गेली तर घरोघर दुःख होईल, पण शहर थांबणार नाही. येथे मात्र होडी कोण वल्हवणार, हाच प्रश्न पडला.

लहान वस्तीची आणखी एक अडचण असते. सगळे एकमेकांचे नातलग होतात. पहिल्या थोड्या माणसांतील दम्याचा विकार पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेला. आजही तेथे पुष्कळांना दमा आहे.

1961 साली वस्तीजवळच ज्वालामुखी फुटला. सारे 264 लोक इंग्लंडला नेले गेले. तेथे वीज होती, दुकाने होती, नोकऱ्या होत्या. तरी 1962 साली मत घेतले तेव्हा 148 जणांनी ‘परत जाऊ’ म्हटले. नको म्हणणारे फक्त 5. 1963 साली बहुतेक लोक आपल्या घरी परतले.

आज गावात अडीचशेहून कमी माणसे आहेत. ती बटाटे लावतात, मेंढरे पाळतात, शेवंड पकडून परदेशी विकतात. जमीन साऱ्या गावाची मिळून आहे. बाहेरच्याला ती विकत मिळत नाही. पण मुले कमी होत आहेत आणि म्हातारी वाढत आहेत. 1885 साली गावाला होडी वल्हवायला माणसे हवी होती. आजही तीच हवी आहेत. म्हणून नुसता आकडा पाहू नये. त्यात कामाचे हात किती आणि पाटी-पुस्तक घेणारे हात किती, तेही मोजावे.

प्रश्न
1. पाच बाया कोठून आल्या? त्यांच्या येण्याने काय बदलले?
2. 15 माणसे गेल्याने गावावर एवढे संकट का आले?
3. आपल्या आळीतील घरे मोजा. पुरुष, बाया, मुले आणि साठीच्या वरची माणसे यांचे चार रकाने करून लिहा. कोणता रकाना लहान आहे? का?