वाळवंटी निवडुंग की फुलांची चेरी? पावसाळ्याच्या तोंडावर बागेसाठी निवड

वाळवंटी निवडुंग आणि शोभेची चेरी या दोन्ही झाडांना बंगल्याच्या बागेसाठी, शेतघरासाठी आणि कृषी पर्यटन केंद्रासाठी मागणी असते. दोघांच्या गरजा मात्र अगदी वेगळ्या आहेत. चेरीला हिवाळ्यात सलग थंडी लागते, तर निवडुंगाला मुळाशी कोरडेपणा लागतो. मुळे कोरडी राखणे बागायतदाराच्या हातात आहे, थंडी कोणाच्याच हातात नाही. महाराष्ट्रातील बागेपुरता निर्णय याच फरकावर घ्यावा.

शोभेच्या चेरीतील सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे जपानची ‘सोमेई योशिनो’. एदो काळाच्या अखेरीस, आजच्या टोकियोत मोडणाऱ्या सोमेई गावातल्या माळ्यांनी ती प्रसारात आणली. तिची वाढ कलमांनी होते, त्यामुळे जगभरची झाडे वंशाने एकसारखी असतात आणि एका गावातली झाडे एकाच सुमारास फुलतात. पाने येण्याआधी फिकट गुलाबी फुलांनी झाड झाकले जाते आणि आठवडा-दीड आठवड्यात बहर गळून जातो. ‘कान्झान’ या जातीची फुले दाट पाकळ्यांची आणि गडद गुलाबी असतात, ती थोडी उशिरा उमलतात.

या बहरामागे थंडीचा हिशेब आहे. चेरीच्या फुलकळ्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि पुढे सुप्तावस्थेत जातात. हिवाळ्यात कित्येक आठवडे तापमान साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तरच ही सुप्ती मोडते, आणि वसंतातल्या उबेने कळ्या फुटतात. पुण्यात किंवा नाशिकला जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, पण दुपारी तोच 28-30 अंशांवर जातो. रात्री साठलेला थंडीचा परिणाम दिवसा बराचसा पुसला जातो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तरी ती थंडी टिकत नाही. अशा हवेत कळ्या अर्धवट आणि वेगवेगळ्या वेळी फुटतात, पालवी रखडते आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. त्यात जून ते सप्टेंबरचा पाऊस असतो. चेरीची मुळे उथळ असतात आणि काळ्या भारी जमिनीत साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. खोडातून डिंक गळू लागला की झाड संकटात आहे असे समजावे.

‘चेरी ब्लॉसम’ या नावाने ऑनलाइन विकली जाणारी बियांची पाकिटे घेण्यात अर्थ नाही. कलमी जातीच्या बियांपासून मूळ जातीसारखे झाड येत नाही, आणि चेरीचे बी उगवण्यासाठीही दोन-तीन महिने ओलसर थंडाव्यात ठेवावे लागते. परदेशातून रोपे आणायची तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. हे नियम उगाच नाहीत. 1910 साली जपानने वॉशिंग्टनला भेट दिलेल्या दोन हजार झाडांत कीड आणि सूत्रकृमी आढळल्याने ती सगळी जाळावी लागली होती. तेथे आज प्रसिद्ध असलेली चेरीची रांग 1912 मध्ये आलेल्या दुसऱ्या खेपेतून उभी राहिली.

भारतात फुलणारी चेरी आहे, पण ती हिमालयाची. पद्मकाष्ठ किंवा पद्म या नावाने ओळखले जाणारे हे झाड शरद ऋतूच्या शेवटी गुलाबी फुलांनी बहरते, आणि शिलाँगमध्ये नोव्हेंबरात त्याचा उत्सव भरतो. त्यालाही डोंगरउतारावरची थंड हवाच मानवते. दख्खनच्या पठारावर ते लावून बहराची खात्री देता येत नाही.

निवडुंगाचे शरीर वेगळ्या रीतीने चालते. त्याची पाने काट्यांत बदललेली असतात आणि अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोड करते. खोडावरची रंध्रे दिवसा मिटलेली राहतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवून दिवसा सूर्यप्रकाशात वापरला जातो, त्यामुळे बाष्पीभवनात पाणी फारसे जात नाही. वाढ मात्र फार सावकाश होते. अॅरिझोनातील सोनोरन वाळवंटाचा सग्वारो पहिल्या दशकात वीतभरही वाढत नाही आणि साधारण पस्तिशीच्या सुमारास प्रथम फुलतो. बागांत सर्वाधिक दिसणारा ‘गोल्डन बॅरल’ हा मेक्सिकोचा गोल, सोनेरी काट्यांचा निवडुंग फुलायलाही बरीच वर्षे घेतो. बहरासाठी निवडुंग लावू नये, रूपासाठी लावावा.

महाराष्ट्रात निवडुंग उन्हाने क्वचितच मरतो, पावसाने मरतो. ड्रॅगन फ्रूट घेणाऱ्या शेतकऱ्यांना खोडकूज परिचित असते. ड्रॅगन फ्रूट हा जंगलात झाडांवर चढणारा निवडुंग असूनही साचलेल्या पाण्यात सडतो, मग वाळवंटी जातींचे काय होत असेल हे सांगायला नको. म्हणून जमिनीत लागवड पावसाळ्यात करू नये. ऑक्टोबरनंतर किंवा फेब्रुवारीत करावी, आणि त्यासाठीची जागा मात्र आत्ताच तयार करावी. दीड फूट उंचीचा वाफा घ्यावा, तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी टाकावी, त्यावर माती, जाड वाळू आणि बारीक खडी समप्रमाणात मिसळून भरावी. शेणखत मूठभर पुरते. ताजे शेण अजिबात घालू नये. वाफ्याला उतार दिला की पाणी आपोआप निघून जाते. कोकणात आणि घाटमाथ्यावर उंच वाफाही पुरत नाही. तेथे कुंड्यांतच निवडुंग ठेवून जून ते सप्टेंबर त्या पन्हळी पत्र्याखाली किंवा पारदर्शक पॉली शीटखाली हलवाव्यात. चारही बाजूंनी वारा खेळता हवा, नाहीतर आडोशात आर्द्रता कोंडून बुरशी वाढते.

पावसात उघड्यावर असलेल्या झाडाच्या बुडाशी पिवळट, मऊ ठिपका दिसला तर वाट पाहू नये. निर्जंतुक केलेल्या चाकूने निरोगी गर लागेपर्यंत कापावे. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावून वरचा भाग आठ-दहा दिवस सावलीत सुकवावा आणि मग कोरड्या वाळूत ठेवावा. मुळे फुटेपर्यंत पाणी नाममात्र द्यावे. पिठ्या ढेकूण काट्यांच्या बुडाशी लपून बसतो, म्हणून दर पंधरवड्याला झाड जवळून पाहावे.

उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी आणि थंडीत महिन्यातून एकदा पाणी पुरते. शेडनेटखाली वाढलेले रोप थेट एप्रिलच्या उन्हात ठेवले तर कातडी भाजून पांढरट डाग पडतात, आणि ते कायमचे राहतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवावे. खरेदी करताना रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलेच रोप घ्यावे, कारण गोल्डन बॅरलसारख्या जाती मूळ रानात धोक्यात आलेल्या आहेत.

न्यू जर्सीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे गणित उलटे लागू होते. त्यांच्या परसात चेरी निश्चिंतपणे फुलते. निवडुंग मात्र बहुतेक घरातच ठेवावा लागतो. अमेरिकेच्या पूर्व भागात जमिनीलगत पसरणारा काटेरी फड्या निवडुंग बर्फातही तग धरतो, एवढा अपवाद. ब्रिटनमध्ये चेरीची छाटणी हिवाळ्यात न करता उन्हाळ्यात करतात, कारण थंड ओल्या हवेत जखमेतून रोग शिरतो.

महाराष्ट्रात पानगळीनंतरचा गुलाबी बहरच हवा असेल, तर चेरीचा हट्ट सोडून गुलाबी टॅबेबुया लावावा. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो सबंध रस्ता गुलाबी करतो. शेताच्या बांधासाठी गिरिपुष्प त्याहून सोयीचे आहे. जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर त्याला दाट फिकट गुलाबी फुले येतात, त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो, आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र स्थिर होते. लागवडीसाठी पक्व फांदीचे तीन ते चार फुटांचे तुकडे घ्यावेत, खालचा काप तिरका द्यावा आणि पहिला समाधानकारक पाऊस झाल्यावर ते अर्धा-एक फूट खोल रोवून बुडाची माती घट्ट दाबावी.