औषधी काढण्याचा काळ

निपाणीच्या शिवारात तंबाखू करणारा शेतकरी पंचांग पाहून विळा उचलीत नाही. शेंडा खुडल्यावर पान जाड होऊन त्यावर तांबूस ठिपके उमटले, म्हणजेच तो कापणीस हात घालतो. तंबाखूतील निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत साठते व शेंडा खुडल्याने वाढते, हे रसायनशास्त्राने मागाहून सांगितले. तंबाखू औषध नव्हे, उलट घातकच. परंतु वनस्पतीचे सत्त्व कोणत्या अंगात केव्हा साठते, हाच प्रश्न औषधीविषयीही विचारावा लागतो.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्याचे उत्तर आहे. फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, जुनी पाने गळल्यावर. साल, कंद व चीक शरदात. गाभ्याचे लाकूड हेमंतात. फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत. सुश्रुतसंहितेत मात्र असा अंगवार नियम इतरांचे मत म्हणून सांगून नाकारला आहे. सौम्य औषधी सौम्य ऋतूंत व आग्नेय औषधी आग्नेय ऋतूंत घ्याव्यात, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे प्राचीनांतही एकमत नव्हते.

आता हळदीचेच पहा. चिकोडी-रायबागकडे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकांत, हिरवीगार उभी असते. केवळ ‘कंद शरदात’ एवढे धरून तेव्हा कुदळ घातली, तर हाती कोवळा, पाणीदार कंद येतो आणि वाळल्यावर वजनही उरत नाही. पाला पिवळा पडून सुकला, की पौष-माघाच्या सुमारास ती खणतात. पाने हिरवी असेतो ती अन्न तयार करून खाली धाडीत असतात. ती सुकली म्हणजे साठा पुरा झाला. चरकाने मुळांसाठी दिलेली पानगळीची खूण हळदीसही लावावी, असे मला वाटते. महिन्यापेक्षा खूण श्रेष्ठ.

खानापूरच्या रानातील हिरड्याचा प्रकार आणखी निराळा. आठळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ वाळविले की बाळहिरडा होतो; त्रिफळ्यास लागतो तो मात्र पक्व हिरडा. एकाच झाडाची ही दोन औषधे, केवळ वयाने निराळी.

शतावरीसारख्या मुळांच्या बाबतीत घाई दुहेरी नडते. बी पडण्याआधीच वेल समूळ उपटला, तर मुळ्या अपक्व मिळतात आणि बांधावरचा वंशही खुंटतो. बी पडून वेल वाळेपर्यंत थांबावे, व मुळ्या काढताना कोंबासह गड्डा पुन्हा मातीत लावावा. तो पुढील पावसाळ्यात फुटतो.