कोंडी वेगळी, अपघात वेगळा : पुण्याच्या रस्त्यांवरून घेतलेला एक पाठ



'शहरातील वाहतूक कोंडी व रस्ता सुरक्षा' हा निबंध आपण दरवर्षी देतो आणि मुलंही ठरलेलं लिहून आणतात. लोकसंख्या वाढली, वाहने वाढली, रस्ते अरुंद आहेत, नियम पाळा. आपण लाल पेनाने खूण करतो आणि वही मिटते. या वर्षी नववीला हा विषय देताना मी एकच अट घातली : कोंडी आणि अपघात हे दोन वेगळे रकाने करा. कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात जाते ते आधी ठरवा, मग लिहायला बसा.

असं का? आपण दोन्हीबद्दल एकाच दमात बोलतो, पण ती दोन्ही दुखणी एकाच जागी असतातच असं नाही. संध्याकाळी सहा वाजता लक्ष्मी रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने सरकते. तिथे आरसे घासतात, हॉर्न वाजतात, भांडणं होतात. पण जीव जाण्याइतका वेगच तिथे सहसा नसतो. तो वेग रस्ता मोकळा असला की येतो.

नवले पुलाचं उदाहरण मुलांना लगेच कळलं, कारण ते नाव घरोघरी ऐकलेलं आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की मुंबई-बंगळुरू महामार्गाला या पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. डिझेल वाचवायला काही चालक तिथे जड गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाची अटकाव करणारी ताकद मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटी लागेनासे होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एकाच अपघातात अनेक वाहनांचं नुकसान झालं. दोन-चार लिटर डिझेलसाठी!

इथे मी विज्ञानाचा तास मराठीच्या तासात घुसवला. (आमच्या विज्ञानाच्या सरांनी उदार मनाने परवानगी दिली.) ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मीटर. समोर काही आडवं आलं तर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. त्यात ८ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागले तर आणखी ७ मीटर, एकूण १५. आता वेग ६० केला तर? सगळा वर्ग ओरडला, "बाई, तीस मीटर!" आम्ही मैदानावर चुन्याने रेघा मारल्या. ब्रेक दाबेपर्यंतच १७ मीटर जातात. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, त्यामुळे पुढचं अंतरही चौपट, म्हणजे २८ मीटर धरा. पंचेचाळीस मीटर! शेवटची रेघ थेट कबड्डीच्या मैदानापलीकडे गेली, तेव्हा मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा गप्प झाली. हा प्रयोग तुम्ही जरूर करून पाहा, खर्च फक्त चुन्याचा.

मग "रस्ते रुंद करा" हा मुलांचा आवडता उपाय पुन्हा तपासला. सावकाश चालणारी आजी सेकंदाला एक मीटर जाते असं धरलं, तर २४ मीटरचा रस्ता ओलांडायला तिला २४ सेकंद हवेत. सिग्नलने तिला १५ दिले तर उरलेले ९ सेकंद ती कुठे उभी राहणार? म्हणजे रुंदीकरण कोंडीच्या रकान्यात उपाय म्हणून गेलं आणि अपघाताच्या रकान्यात धोका म्हणून. उड्डाणपुलाचंही तसंच. विद्यापीठ चौकातले पूल बांधले आपणच आणि २०२० मध्ये पाडलेही आपणच.

आता पालकांनो, थोडं तुमच्याशी. गेल्या वर्षी शाळा सुटताना आमच्या फाटकासमोर मागे येणाऱ्या गाडीचं चाक एका पाचवीतल्या मुलाच्या पायावरून गेलं. तो बरा झाला. पण गाडी कोणा अनोळखी माणसाची नव्हती, दुसऱ्या मुलाला न्यायला आलेल्या पालकांची होती. रहदारी फार वाढली, मूल एकटं कसं पाठवायचं म्हणून आपण त्याला गाडीवर सोडतो आणि फाटकासमोरची रहदारी म्हणजे आपणच असतो. चाळीस मुलांसाठी चाळीस दुचाकी दोन रांगांत उभ्या केल्या, मधलं अंतर धरलं, तरी साठेक मीटर रस्ता अडतो. बस आली असती तर बारा मीटर.

हेल्मेटचं दृश्य तर रोजचं : बाबांच्या डोक्यावर आहे, पुढे उभ्या असलेल्या चिमुरडीच्या डोक्यावर नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान, नऊ महिन्यांपुढच्या बाळांसाठीही हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. आणि आठवी-नववीच्या लेकाला "क्लासपुरती" चावी देणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्यातलं कलम १९९ अ वाचावं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, इतकं सगळं आहे. दंडाची भीती घालायला मला आवडत नाही, पण चुन्याच्या रेघा पाहायला पालक येत नाहीत.

मुलांनीच शेवटी एक मागणी केली : गाड्या कोपऱ्यावर थांबवा, तिथून आम्ही चालत येतो. काही पालक तयार झाले. मग कळलं, त्या दोनशे मीटरमध्ये पदपथ सलग नाहीच. मध्ये डीपी आहे, एक टपरी आहे, खोदून तसाच ठेवलेला खड्डा आहे आणि दुचाकींची रांग आहे. प्रत्येक अडथळ्याशी मूल रस्त्यावर उतरतं. वर्गाने त्याचा मापांसह नकाशा केला आणि अर्जासोबत क्षेत्रीय कार्यालयात दिला. उत्तराची वाट पाहतोय.

नकाशात दुचाकींच्या रांगेवर मुलांनी एका स्कूटरचा नंबरसुद्धा लिहिला होता. तो माझा होता. सोमवारपासून मी मागच्या गल्लीत लावते.